युरोपातील आगगाडी आणि परका रहिवासी

युरोपातील रेल्वे कंपन्यांनी दूरच्या प्रवासासाठी दोन प्रकारचे पास काढलेले आहेत. १९५९ साली निघालेला ‘युरेल’ पास युरोपबाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी आहे. १९७२ साली निघालेला ‘इंटररेल’ पास युरोपात राहणाऱ्यांसाठी आहे. आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेला त्या वर्षी पन्नास वर्षे पूर्ण होत होती आणि त्या निमित्ताने एकवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांना एकवीस देशांत महिनाभर हिंडता यावे, अशी ही योजना होती. पुढे वयाची अट सुटली, देशांची संख्याही वाढली. परंतु पाहुणा आणि रहिवासी हा भेद मात्र कायम राहिला.

या इंटररेल पासाचा एक नियम मोठा मनोरंजक आहे. पासधारकाला स्वतःच्या देशात मनमुराद हिंडता येत नाही. स्वदेशात त्याला पासावर दोनच प्रवास करता येतात. एकदा देशाबाहेर पडण्यासाठी आणि एकदा घरी परतण्यासाठी. आता हा ‘स्वदेश’ कोणता, हे ठरते प्रवाशाच्या वास्तव्यावरून. पारपत्र कोणत्या देशाचे आहे, हा प्रश्न येथे गौण ठरतो. कोल्हापूरचा एखादा विद्यार्थी रीतसर परवान्याने जर्मनीत राहत असेल, तर त्याला युरेल नव्हे, इंटररेल पास घ्यावा लागतो आणि त्याचा स्वदेश म्हणून जर्मनीची नोंद होते. ज्या देशाच्या सरकारने त्याला अद्याप आपला म्हटलेले नाही, त्या देशाला त्याचे घर मानून रेल्वे मोकळी झालेली असते!

रेल्वेची ही व्याख्या आणि सरकारची व्याख्या यांत जे अंतर आहे, त्याच अंतरात युरोपातील परक्या रहिवाशाचे सारे आयुष्य जाते. आपल्याकडील प्रवासवर्णनांतून युरोप दिसतो तो बहुधा खिडकीतून. हिरवी कुरणे, तळी, घड्याळाच्या काट्यावर सुटणाऱ्या गाड्या, हे सारे त्यात येते. तेथे राहणाऱ्याला दिसणारा युरोप याहून निराळा असतो. आज आपल्या गावोगावचे तरुण तेथे शिकायला आणि नोकरीला जात असताना त्या निराळ्या युरोपाची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

पत्त्याचा महिमा

जर्मनीचेच उदाहरण घेऊ. तेथे नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कचेरीत जाऊन आपले नाव आणि पत्ता नोंदवावा लागतो. हा नियम जर्मन माणसालाही आहे, त्यामुळे त्यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. २०१५ पासून घरमालकाचे लेखी पत्रही त्यासोबत जोडावे लागते. या नोंदणीचा दाखला हातात पडला, की पुढची दारे उघडू लागतात. कराचा क्रमांक टपालाने येतो. विम्याचे कार्ड टपालाने येते. परकीयांच्या कचेरीचे बोलावणेही टपालानेच येते. आणि हे टपाल पोचते ते टपालपेटीवर नाव असेल तरच. नव्याने गेलेला मुलगा पेटीवर आपल्या आडनावाची चिठ्ठी चिकटवायला विसरला, तर पोस्टमन पत्र परत नेतो आणि मुलगा आठवडेच्या आठवडे ‘अजून काही आले नाही’ म्हणून वाट पाहत राहतो.

पण पत्ता मिळवायचा कसा? घर मिळण्यासाठी घरमालक मिळकतीचा पुरावा मागतो. परवान्याची चौकशी करतो. परवान्याच्या कचेरीत गेले, की ती आधी पत्ता विचारते. विद्यार्थ्याला निर्वाहाचा पुरावा म्हणून एका वर्षाची रक्कम बँकेत अडकवून ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो ठरली, आणि तीतून दरमहा ९९२ युरोच काढता येतात, अशी व्यवस्था झाली. मध्यमवर्गीय मराठी घरात एवढी रक्कम उभी करणे म्हणजे काय, हे येथे सांगण्याची आवश्यकता नाही. ते कर्ज, ते गहाणखत, त्या आईच्या बांगड्या, हे सारे त्या एका आकड्यामागे उभे असते. परंतु कचेरीतल्या बाईंना त्यातला केवळ आकडा दिसतो. तिला दोष देता येणार नाही. तिचे काम आकडे पाहण्याचेच आहे.

परवान्याला मुदत असते. ती संपत आली, की नूतनीकरणाचा अर्ज करावयाचा. मोठ्या शहरांत या कचेऱ्यांवर कामाचा बोजा इतका असतो, की भेटीची वेळ मिळायलाच कधी महिने लोटतात. तोवर हाती एक तात्पुरता दाखला पडतो. कायद्याच्या दृष्टीने माणूस तेथे वैधपणे राहत असतो, यात शंका नाही. तथापि घरी आजारपण निघाले आणि तातडीने यावे लागले, तर या दाखल्यावर परत जाता येईल की नाही, हे त्यावर नेमके कोणत्या कलमाची नोंद आहे यावर अवलंबून राहते. कागदाचा एक तुकडा माणसाला त्याच्या आईवडिलांपासून किती दूर ठेवू शकतो, हे तेथे राहिलेल्यालाच कळते.

फाटक नसलेले स्थानक

कचेरीतून बाहेर पडून माणूस स्थानकावर येतो तेव्हा त्याला सुटल्यासारखे वाटते, याचे कारण आहे. जर्मनीतील रेल्वे स्थानकांना फाटक नसते. रस्त्यावरून चालत यावे आणि थेट फलाटावर जाऊन उभे राहावे. तिकीट तपासले जाते ते गाडीत, आणि तेही दर वेळी नाही. तुमच्यापाशी तिकीट असणारच, असे गृहीत धरलेले असते. ते नसल्याचे आढळले, तर साठ युरोंचा दंड होतो. परक्याला आणि देशवासीयाला दंड सारखाच आणि विश्वासही सारखाच. दिवसभर ज्याला आपण कोण आहोत हे सिद्ध करीत हिंडावे लागले आहे, त्याला हा विश्वास फार मोलाचा वाटतो.

२०२२ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत जर्मन सरकारने अवघ्या नऊ युरोंत महिनाभर देशातील सर्व स्थानिक आणि प्रादेशिक गाड्यांतून प्रवास करण्याची सवलत दिली होती. त्या अनुभवातून १ मे २०२३ रोजी ‘डॉइचलांड टिकेट’ नावाचा मासिक पास सुरू झाला. आरंभी त्याची किंमत ४९ युरो होती. २०२५ च्या जानेवारीत ती ५८ झाली आणि २०२६ च्या जानेवारीत ६३. या पासावर वेगवान ‘इंटरसिटी’ गाड्यांत बसता येत नाही. परंतु शहरातील बस, ट्राम आणि गावोगाव थांबणाऱ्या साध्या गाड्या यांतून देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाता येते. शेजारच्या लक्झेंबर्गने तर २९ फेब्रुवारी २०२० पासून देशातील सार्वजनिक वाहतूकच विनामूल्य केली. रेल्वेच्या पहिल्या वर्गाला तेवढे तिकीट आहे. तुम्ही तेथले नागरिक आहात, कामगार आहात की प्रवासी, हे तेथे कोणी विचारीत नाही.

युरोपातील गाड्या सेकंदाचाही उशीर करीत नाहीत, ही आपल्याकडची समजूत मात्र आता दुरुस्त करावयास हवी. स्वित्झर्लंडची कीर्ती अजून टिकून आहे. जर्मनीत २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर पोचल्या, आणि तेथे ‘वेळेवर’ याचा अर्थ सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर असा आहे. वर्षानुवर्षे रूळ, पूल आणि सिग्नल यांच्या देखभालीत केलेल्या काटकसरीचे हे फळ होय, असे तेथील जाणकार सांगतात. फरक एवढाच, की उशिराची भरपाई मागण्याचा अधिकार तेथे प्रवाशाला आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार तासाभराहून अधिक उशीर झाल्यास भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांहून अधिक झाल्यास निम्मे भाडे परत मिळते. हा अधिकार तिकिटाला चिकटलेला आहे. तिकीट कोणाच्या हातात आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

अकरा क्रमांकाचा फलाट

युरोपातील परक्या रहिवाशांचा अलीकडचा इतिहास आगगाडीतूनच आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीचे कारखाने पुन्हा उभे राहिले आणि त्यांना माणसे कमी पडू लागली. तेव्हा सरकारने एकेका देशाशी करार केले. १९५५ साली इटलीशी, १९६० साली स्पेन व ग्रीसशी, १९६१ साली तुर्कस्तानशी, १९६४ साली पोर्तुगालशी, १९६८ साली युगोस्लाव्हियाशी. या कामगारांना नाव मिळाले ‘पाहुणे कामगार’. इस्तंबूलच्या सिर्केजी स्थानकातून निघालेल्या खास गाड्या दोन-अडीच दिवसांचा प्रवास करून म्युनिकच्या मुख्य स्थानकात अकरा क्रमांकाच्या फलाटावर येत. फलाटाखाली युद्धकाळातला एक बंकर होता. तेथे या माणसांना जेवण मिळे आणि कोणी कोणत्या कारखान्याकडे जायचे, याची वाटणी होई. तुर्की कामगारांच्या वास्तव्यावर प्रथम दोन वर्षांची मर्यादा होती. पण शिकवून तयार केलेला कामगार दोन वर्षांनी घालवायचा आणि नवा आणून पुन्हा शिकवायचा, हे कारखानदारांना परवडेना. म्हणून १९६४ साली ती मर्यादा काढून टाकण्यात आली. म्हणजे माणसे तेथे राहिली, ती कोणाच्या औदार्यामुळे नव्हे, तर यंत्राच्या गरजेमुळे.

त्याच वर्षीची एक हकीकत सांगण्याजोगी आहे. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोनजवळच्या डॉइट्झ स्थानकात गाडीतून उतरलेल्या पोर्तुगीज कामगारांत एका नावाचा पुकारा झाला. आर्मांदो रॉद्रिगिश द सा. हा अडतीस वर्षांचा सुतार. आपले काही चुकले असावे, म्हणून तो प्रथम घाबरला. प्रत्यक्षात तो दहा लाखावा पाहुणा कामगार ठरला होता. बँड वाजला, छायाचित्रे निघाली आणि त्याला दोन चाकांची एक मोपेड भेट मिळाली. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे. त्या सुताराचे पुढे काय झाले, हे मात्र त्या छायाचित्रात नाही. काही वर्षांनी आजारी पडून तो मायदेशी परतला. जर्मनीतील आजारविम्यावर आपला हक्क आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नव्हते. आयुष्यभराची पुंजी औषधोपचारांत संपवून १९७९ साली तो वारला. ज्या देशाने बँड लावून त्याचे स्वागत केले, त्या देशात त्याचा काय हक्क होता, हे त्याला शेवटपर्यंत ठाऊक झाले नाही.

१९७३ च्या नोव्हेंबरात तेलटंचाईच्या काळात जर्मनीने ही कामगारभरती थांबवली. तोपर्यंत सुमारे १ कोटी ४० लाख माणसे आली होती आणि त्यांतली सुमारे १ कोटी १० लाख परत गेली. भरती थांबली तेव्हा उरलेल्यांच्या ध्यानात आले, की एकदा घरी गेलो तर परत येता येणार नाही. म्हणून त्यांनी बायकामुलांनाच बोलावून घेतले. संख्या कमी करण्यासाठी उचललेल्या पावलामुळे पाहुण्यांचे रहिवासी झाले.

सीमा पुसल्या, पण किती?

लक्झेंबर्गमधील शेंगेन हे मोझेल नदीकाठचे छोटे गाव. फ्रान्स आणि जर्मनी त्याच्या वेशीवर आहेत. १४ जून १९८५ रोजी तेथे एका नौकेवर बेल्जियम, फ्रान्स, पश्चिम जर्मनी, लक्झेंबर्ग आणि नेदरलँड्स या पाच देशांनी आपसांतील सीमांवरची तपासणी हटविण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल २६ मार्च १९९५ पासून सुरू झाला. १ जानेवारी २०२५ रोजी बल्गेरिया व रुमानिया पूर्णतः सामील झाल्यावर हे क्षेत्र २९ देशांचे झाले. एका देशाचा वास्तव्य परवाना असलेल्या परक्याला इतर देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत, निराळ्या व्हिसाशिवाय जाता येते. परवाना आणि पारपत्र दोन्ही जवळ हवे, एवढी अट.

गंमत अशी, की पारपत्राच्या सीमा पुसल्या तरी विजेच्या सीमा तशाच आहेत. जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड येथील रेल्वेच्या तारांत १५,००० व्होल्टची वीज. फ्रान्समध्ये कोठे २५,०००, कोठे १,५००. बेल्जियम व इटलीत मुख्यतः ३,००० व्होल्ट. प्रत्येक देशाची सिग्नलपद्धती वेगळी. स्पेनच्या जुन्या रुळांची रुंदी १,६६८ मिलिमीटर, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या जवळपास, तर शेजारच्या फ्रान्सची १,४३५. अनेक प्रकारच्या विजेवर चालणारी इंजिने बांधून युरोपाने हे भेद ओलांडले. बाझेल शहरात तर स्वित्झर्लंडच्या भूमीवर एक जर्मन स्थानक आहे आणि त्याचे मूळ १८५२ सालच्या एका करारात आहे. तेथे उतरणारा प्रवासी जर्मन रेल्वेच्या फलाटावरून स्विस जकातीच्या दारातून शहरात येतो. लक्झेंबर्गमध्ये दोन लाखांहून अधिक कामगार फ्रान्स, बेल्जियम आणि जर्मनीतून रोज सकाळी येतात आणि संध्याकाळी परदेशातल्या आपल्या घरी जातात. आपल्याकडे कसारा-कर्जतहून मुंबईला यावे, तितक्या सहजपणे.

ही सहजता २०१५ नंतर आटू लागली. त्या वर्षी निर्वासितांचे लोंढे आले. बुडापेस्टच्या केलेटी स्थानकात अडकलेली कुटुंबे आणि म्युनिकच्या स्थानकात त्यांचे स्वागत करणारे नागरिक, ही दोन्ही दृश्ये त्याच सप्टेंबरची. पुढल्या जानेवारीत स्वीडनने डेन्मार्ककडून येणाऱ्या प्रवाशांची ओळखपत्रे पाहण्याची सक्ती केली आणि पुलावरून रोज ये-जा करणाऱ्यांचा प्रवास लांबला. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तपासणी सुरू केली आणि तिची मुदत नंतर वाढवत नेली. आपल्या सीमेवर कोण येते हे पाहण्याचा राज्याचा अधिकार कोणी नाकारणार नाही. पण चालत्या गाडीत सर्वांची तपासणी शक्य नसते. निवड करावी लागते. आणि निवड करणारा डोळा काय पाहतो?

तेथील वास्तव्यात एकदा संध्याकाळच्या गाडीने शेजारच्या देशातून परतत होतो. डब्यात आम्ही पाच-सहा जण होतो. सीमेजवळच्या एका स्थानकावर दोन पोलीस चढले. सगळ्यांवरून नजर फिरवून ते माझ्यापाशी थांबले आणि कागद मागितले. वागणूक सभ्य होती, कागद पुरे होते, दोन मिनिटांत काम झाले. समोर एक वृद्ध बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी विणकाम बाजूला ठेवले, पिशवीतून स्वतःचे ओळखपत्र काढले आणि कोणी न मागता पोलिसांपुढे धरले. पोलीस किंचित ओशाळला आणि ‘आवश्यकता नाही’ म्हणाला. बाईंनी ते तसेच धरून ठेवले. शेवटी त्याने ते पाहिले आणि परत दिले. बाई माझ्याशी एक शब्दही बोलल्या नाहीत. पुन्हा विणू लागल्या. मी त्या देशात जी काही वर्षे काढली, त्यांत मला तेथला माणूस म्हणून मिळालेली ती सर्वांत स्पष्ट मान्यता होती.

रहिवासाच्या पायऱ्या

कायद्याने मिळणारी मान्यता पायरीपायरीने येते. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार पाच वर्षे सलग वैध वास्तव्य केलेल्या परक्याला ‘दीर्घकालीन रहिवासी’ हा दर्जा मिळू शकतो. मात्र विद्यार्थी म्हणून काढलेली वर्षे त्या हिशेबात निम्मीच धरली जातात. जर्मनीने २७ जून २०२४ पासून नागरिकत्वासाठी लागणारी वास्तव्याची वर्षे आठांवरून पाचांवर आणली आणि मूळ नागरिकत्व सोडण्याची अटही काढून टाकली. तुर्की कुटुंबांना याचा लाभ झाला. भारतीयांचा पेच तसाच राहिला. कारण परदेशाचे नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व संपते, असा आपला कायदा आहे. २००५ नंतर मिळू लागलेल्या परदेशस्थ भारतीयांच्या कार्डाने येण्याजाण्याची सोय झाली, पण मताचा अधिकार त्यात नाही.

मताचा प्रश्न तर तेथेही आहेच. स्वीडनमध्ये १९७६ पासून आणि नेदरलँड्समध्ये १९८६ पासून परक्या रहिवाशांना स्थानिक निवडणुकांत मतदान करता येते. जर्मनीत दोन राज्यांनी तसा प्रयत्न केला, तेव्हा तेथील घटना न्यायालयाने ऑक्टोबर १९९० मध्ये तो रद्द ठरविला. पुढे युरोपीय संघातील देशांच्या नागरिकांना हा हक्क मिळाला, इतरांना नाही. परिणामी एखाद्या जर्मन शहरात तीस वर्षे ट्राम चालविणाऱ्या भारतीय किंवा तुर्की माणसाला त्या ट्रामचा मार्ग कोठून जावा, हे ठरविणाऱ्या नगरसभेसाठी मत देता येत नाही. जो कर भरतो, जो शहराची चाके फिरवतो, त्याला त्या शहराच्या कारभारात किती वाटा असावा? या प्रश्नाला स्टॉकहोम एक उत्तर देते आणि बर्लिन दुसरे. आपल्या शहरांत परगावाहून आलेल्यांविषयी बोलताना आपण कोणते उत्तर देतो, हेही एकदा तपासून पाहण्यास हरकत नाही.

जाणाऱ्यांसाठी

२०२३-२४ च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत सुमारे ४९,००० भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत सर्वाधिक. त्यांत मराठी मुलामुलींची संख्या लहान नसणार. पुण्या-मुंबईतल्या जर्मनच्या वर्गांत अहिल्यानगर, नांदेड, सांगलीकडची मुले दिसू लागली आहेत. त्यांना तेथील विद्यापीठांची माहिती असते, शुल्काची असते, पगारांचीही असते. आपल्या हक्कांची माहिती मात्र फार थोड्यांना असते. भाषा येत नसल्याने करार न वाचता सही करणारे, विम्याचे पत्र न उघडता ठेवून देणारे, मालकाने सुट्टी नाकारली म्हणजे ती नाहीच असे मानणारे तरुण तेथे कमी नाहीत. कृतज्ञ पाहुण्याने काही मागू नये, हा आपला संस्कार त्याच्या मुळाशी आहे. पण पाहुणा आणि रहिवासी यांत फरक आहे, हे निदान तेथल्या रेल्वेने तरी ओळखले आहे.

म्हणून जाणाऱ्याने सामानात लोणच्याच्या बरणीबरोबर भाषेचे पुस्तकही न्यावे आणि पोचल्यावर टपालपेटीवर पहिल्या दिवशी आपले आडनाव लावावे. आलेले प्रत्येक पत्र उघडावे. कळले नाही, तर कोणाकडून वाचून घ्यावे. डॉइट्झ स्थानकात उतरलेल्या त्या सुताराला मोपेड मिळाली, फुले मिळाली, टाळ्याही मिळाल्या. त्याला गरज होती ती विम्याचा नियम समजावून सांगणाऱ्या एका माणसाची.